गोंडोलिनचा पेंगोलोध : एका काल्पनिक जगाचा इतिहासकार



आज मी अशा एका इतिहासकाराबद्दल बोलणार आहे, जो कधी जन्मालाच आला नाही. त्याचं नाव पेंगोलोध. जे. आर. आर. टॉल्किन यांनी उभ्या केलेल्या मिडल-अर्थच्या जगात प्राचीन युगाचा जो इतिहास आहे, त्याचा मोठा भाग याच्या नावावर जमा आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेलं असेल. मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने ते मराठीतही आलं आहे. पण त्या कादंबरीत पेंगोलोध कुठेही येत नाही. 'द सिल्मारिलियन' हे प्राचीन युगाचं पुस्तक टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली निघालं, तर त्यातही तो नाही. ज्याने इतिहास लिहिला त्याचंच नाव इतिहासाच्या पुस्तकातून गळलं आहे, आणि हे गळणं साधं नाही. त्याने त्या पुस्तकाचा स्वभावच बदलला, असं माझं मत आहे. ते मत मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय निवडावा का, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल. टॉल्किन यांचं स्वतःचं सर्वांत गाजलेलं संशोधनपर लेखन हे एक स्मृतिव्याख्यानच आहे. २५ नोव्हेंबर १९३६ रोजी ब्रिटिश अकादमीत सर इस्रायल गोलांझ यांच्या स्मरणार्थ दिलेल्या त्या व्याख्यानाचा विषय होता 'बेओवुल्फ' हे जुनं इंग्रजी महाकाव्य. त्यांची तक्रार अशी होती की विद्वानांनी या काव्याची खाण केली. इतिहासाचे, चालीरीतींचे, जमातींच्या नावांचे तुकडे त्यातून खणून काढले आणि काव्य म्हणून ते वाचायचं राहूनच गेलं. त्या व्याख्यानानंतर 'बेओवुल्फ'कडे पाहण्याची दृष्टी बदलली. मात्र असं म्हणणारा हा माणूस त्याच वर्षांत घरी बसून नेमकं उलटं काम करत होता. जे काव्य होतं त्याला तो इतिहासाची साधनं जोडत होता. कोणती वंशावळ कुणी लिहिली, कोणती बखर कुठून नक्कल झाली, कोणत्या शाहिराने कुणाच्या तोंडून काय ऐकलं, याच्या नोंदी तो करत होता. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. काव्य काव्य म्हणूनच वाचलं पाहिजे, हे ज्याला पटलेलं असतं त्यालाच ते काव्य कोणत्या हातांतून आपल्यापर्यंत आलं याची खरी कळकळ असते.

आता पेंगोलोधचं चरित्र. ते एका जागी मिळत नाही, वेचावं लागतं. त्याची मुख्य माहिती 'क्वेंडी अँड एल्दार' नावाच्या दीर्घ टिपणात आहे. १९५९-६०च्या सुमारास लिहिलेलं हे टिपण १९९४ साली 'द वॉर ऑफ द ज्युएल्स' या खंडात छापलं गेलं. त्यानुसार पेंगोलोध हा एल्फ, नेव्रास्ट या समुद्रकाठच्या प्रदेशात जन्मलेला. त्याच्यात दोन कुळांचं रक्त होतं. एक नोल्दोरांचं, म्हणजे समुद्रापलीकडच्या अमर भूमीतून परत आलेल्या विद्यावंत एल्फांचं, आणि दुसरं सिंदारांचं, म्हणजे जे कधी पलीकडे गेलेच नव्हते अशा इथल्या एल्फांचं. दोन्ही भाषांत तो लिहीत असे. राजा तुर्गॉनने डोंगरांच्या कड्यात गोंडोलिन नावाचं गुप्त नगर वसवलं, तेव्हापासून पेंगोलोध तिथे राहिला. नगर पडलं तेव्हा जे थोडे वाचले त्यांत तो होता. निघताना त्याने काही जुने लेख आणि स्वतः केलेल्या काही नकला, संकलनं व टीका वाचवल्या. उरलेलं त्याच्या स्मरणात होतं, आणि त्याची स्मरणशक्ती अफाट होती. प्राचीन युगाचं जे ज्ञान पुढे टिकलं, ते या दोन गोष्टींमुळे.

हे वाचल्यावर त्या जगाचा सगळा इतिहास वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. जळत्या नगरातून एका माणसाला (एल्फ म्हणायला हवं, पण मी माणूसच म्हणेन) जेवढं उचलता आलं तेवढं, आणि पुढे ज्याला आठवलं तेवढं. आपण वाचतो तो इतिहास एवढ्यावर उभा आहे.

पेंगोलोधच्या आधी एक रूमिल होता. अमर भूमीतल्या तिरिऑन नगरीतला हा पंडित. तिथली पहिली लिपी त्याची. जगाच्या उत्पत्तीची कथा आणि अमर भूमीची वर्षावळी, दोन्हीचं कर्तृत्व टॉल्किन यांनी त्याच्याकडे दिलं. पेंगोलोधने ते पुढे चालवलं, बेलेरिआंदची म्हणजे युद्धभूमीची वर्षावळी लिहिली आणि भाषांचा एक ग्रंथही रचला. युगं उलटल्यावर एल्फविने नावाचा एक अँग्लो-सॅक्सन दर्यावर्दी वाट चुकून टोल एरेसेआ या एल्फांच्या बेटावर पोचतो, पेंगोलोधला भेटतो, ऐकतो, शिकतो आणि आपल्या भाषेत उतरवतो. रूमिल, पेंगोलोध, एल्फविने अशी ही परंपरा आहे. टॉल्किन यांनी ती नुसती कल्पिली नाही. त्यांनी या वर्षावळ्यांचे काही भाग खरोखरच जुन्या इंग्रजीत लिहून काढले, जणू एल्फविनेच्या हातचे. ते १९८६च्या 'द शेपिंग ऑफ मिडल-अर्थ' या खंडात वाचायला मिळतात. ऑक्सफर्डमध्ये १९२५पासून अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक असलेल्या टॉल्किन यांच्या डोळ्यांपुढे नववं शतक संपता संपता सुरू झालेली अँग्लो-सॅक्सन वर्षावळी होती. एकेक साल आणि त्याखाली ओळ-दोन ओळी. राजा मेला, लढाई झाली, धूमकेतू दिसला. अशा कोरड्या नोंदीत किती दुःख मावतं, हे ती वर्षावळी वाचणाऱ्याला ठाऊक असतं.

आता मी ज्या मुद्द्यापाशी जास्त रेंगाळणार आहे, त्याकडे येतो.

गोंडोलिन हे गुप्त नगर होतं. पहिल्या युगाच्या ११६व्या वर्षी तुर्गॉनची प्रजा तिथे राहायला गेली आणि ५१०व्या वर्षी नगर पडलं. मधली जवळजवळ चारशे वर्षं आत गेलेल्याला बाहेर जायची मुभा नव्हती. बाहेर मोर्गोथ या महादुष्टाशी युद्ध चाललं होतं, राज्यं उभी राहत आणि कोसळत होती, माणसांची पहिली घराणी डोंगर ओलांडून येत होती. एकदाच, ४७२व्या वर्षीच्या मोठ्या लढाईत, तुर्गॉन दहा हजारांचं सैन्य घेऊन बाहेर पडला आणि पराभूत होऊन परतला. बेलेरिआंदच्या या साऱ्या उलथापालथीचा इतिहासकार मात्र या बंद डोंगरांच्या आत बसलेला होता.

मग त्याला हे सगळं कळलं कसं? मला वाटतं, हा प्रश्न टॉल्किन यांना मनापासून पडला होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी अगदी वास्तव दिलं. सिरिऑन नदीच्या मुखाशी निर्वासितांची वस्ती होती. गोंडोलिनचे वाचलेले लोक तुर्गॉनची मुलगी इद्रिल आणि तिचा पती तुओर यांच्याबरोबर तिथे आले, तेव्हा डोरिआथ या वनराज्याचे वाचलेले लोक तिथे आधीच होते. ज्या दोन राज्यांचा शतकानुशतकं एकमेकांशी संपर्क नव्हता, ती आता शेजारी राहू लागली. डोरिआथच्या लोकांनी आपल्याबरोबर त्यांच्या कोरीव अक्षरांतले, दाएरॉनच्या लिपीतले लेख आणले होते. ते लेख आज ज्ञात असतील तर मुख्यतः पेंगोलोधने त्या वस्तीत केलेल्या नकला आणि उतारे यांमुळे, असं टॉल्किन सांगतात. सगळा प्राचीन इतिहास एका निर्वासितांच्या वस्तीत संकलित झाला आहे. राजदरबारात नाही, मठात नाही, विद्यापीठात तर नाहीच. आणि वेळही थोडा होता. पाव शतकाच्या आसपास काळ गेला आणि फेआनोरच्या मुलांनी, म्हणजे एल्फांनीच, त्या वस्तीवर हल्ला करून ती उद्ध्वस्त केली.

त्याच वस्तीत आणखी एक लेखक होता. डीर्हावेल नावाचा माणूस, खराखुरा मर्त्य माणूस. तूरिन नावाच्या अभागी वीराची शोकांतिका त्याने रचली. आयुष्यात त्याने ही एकच रचना केली आणि तीही एल्फांच्या भाषेत, त्यांच्याच छंदात. फेआनोरच्या मुलांच्या हल्ल्यात तो मारला गेला. एल्फविनेच्या नावे लिहिलेल्या प्रस्तावनेत डीर्हावेलने माहिती कशी जमवली ते येतं. डोर-लोमिनचे, नार्गोथ्रोंदचे, डोरिआथचे जे कुणी वस्तीत होते त्यांना तो विचारत राहिला. त्यांतला एक होता आंद्वीर, फार म्हातारा. त्याचा बाप आंद्रोग हा तूरिनच्या दरोडेखोर टोळीत होता. आमोन रूध या टेकडीवरच्या कत्तलीतून एकटा हा आंद्वीरच जिवंत सुटला. तो भेटला नसता तर तूरिन डोरिआथमधून पळाला तेव्हापासून नार्गोथ्रोंदला पोचला तोपर्यंतचं त्याचं आयुष्य कायमचं अंधारात राहिलं असतं.

तूरिनची ही कथा सांगणारी 'द चिल्ड्रन ऑफ हूरिन' मी वाचली तेव्हा टोळीचे ते सगळे प्रसंग, तिथली भांडणं, फोर्वेगचा मृत्यू, म्हाताऱ्या मीमची गुहा, हे सगळं असं वाचलं होतं की कुणीतरी सर्वज्ञ निवेदक ते पाहतो आहे. आंद्वीरची नोंद वाचल्यावर ते प्रसंग मला वेगळेच वाटू लागले. ते एका थकलेल्या म्हाताऱ्याच्या आठवणी झाले, आणि त्यात त्याचा बाप होता. आंद्रोगचं चित्र कथेत कठोर आहे, पण त्याला शेवटी थोडा मान मिळतो. तो मान कुणी दिला असेल? कदाचित मुलानेच. टॉल्किन यांनी हे सांगितलेलं नाही, आणि ते माझंच अनुमान आहे. पण साक्षीदाराचं नाव कळल्यावर असे प्रश्न आपोआप उभे राहतात, आणि ते उभे राहावेत म्हणूनच साक्षीदाराचं नाव द्यायचं असतं.

आता मला १९१६ सालाकडे जायचं आहे. पण त्याआधी एक सांगतो. टॉल्किन यांच्या पहिल्या महायुद्धाच्या अनुभवातून त्यांच्या कथेतली प्रत्येक लढाई काढून दाखवण्याचा जो उद्योग चालतो, तो मला मान्य नाही. सॉमची लढाई म्हणजे गोंडोलिन नव्हे. ज्वालांचे राक्षस म्हणजे रणगाडे नव्हेत. तरी तारखा तारखाच असतात. लँकशायर फ्यूजिलिअर्सच्या ११व्या बटालियनमध्ये ते संदेशवहन अधिकारी होते. १९१६च्या नोव्हेंबरात खंदकज्वराने आजारी होऊन इंग्लंडला परतले. शाळेतल्या चार जिवलग मित्रांच्या गटातला रॉब गिल्सन १ जुलै १९१६ रोजी, सॉमच्या पहिल्याच दिवशी, पडला. जेफ्री स्मिथ ३ डिसेंबरला जखमांनी गेला. स्वतःच्या त्या आजारपणात, १९१६-१७च्या हिवाळ्यात, टॉल्किन यांनी जी पहिली सलग दंतकथा लिहिली ती गोंडोलिनच्या पाडावाची. पुढे मार्च १९२०मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजच्या निबंधमंडळात त्यांनी ती वाचून दाखवली.

त्या पहिल्या रूपात पेंगोलोध अजून नाही. कथा सांगतो लिटलहार्ट, गोंडोलिनमधून वाचलेल्या वोरोन्वेचा मुलगा. ऐकतो एरिओल नावाचा प्रवासी, एल्फविनेचा पूर्वावतार. म्हणजे पहिल्याच कथेपासून सांगणारा ठरलेला आहे, आणि तो वाचलेल्यांच्या घरातला आहे. नगर, राजा, फितूर माएग्लिन, चोरवाट, हे सगळं जितकं जुनं आहे तितकंच जुनं हे आहे.

आणि त्याच काळात टॉल्किन आणखी एक काम करत होते, ज्याच्याकडे मला आपलं लक्ष वेधायचं आहे. जेफ्री स्मिथच्या कविता त्यांनी गोळा केल्या, लावल्या आणि त्यांना एक छोटं निवेदन जोडलं. 'अ स्प्रिंग हार्वेस्ट' या नावाने तो संग्रह १९१८ साली निघाला. मरण्यापूर्वी काही महिने स्मिथने त्यांना लिहिलं होतं, त्याचा आशय असा की मी वाचलो नाही तर जे मला म्हणायचं होतं ते तू म्हण. पंचविशीतला एक तरुण मेलेल्या मित्राचे कागद लावतो आहे. कोणती कविता कधीची, कोणता पाठ शेवटचा, हे ठरवतो आहे. पेंगोलोधचं मूळ मला रणांगणापेक्षा या टेबलापाशी दिसतं. युद्धाने टॉल्किन यांना लढायांची वर्णनं पुरवली असतील. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की ज्याच्याजवळ कागद उरतात त्याच्यावर काय जबाबदारी येते, हे त्यांना तेव्हाच कळलं.

पुढे त्यांचेच कागद दुसऱ्या कुणावर तसेच येऊन पडले. २ सप्टेंबर १९७३ रोजी टॉल्किन गेले, तेव्हा 'सिल्मारिलियन'ची कागदपत्रं शेकडो थरांत पसरलेली होती. त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर, स्वतः जुन्या भाषांचा अभ्यासक, याने गाय गॅव्हरिएल के याच्या मदतीने त्यांतून एक सलग पुस्तक तयार केलं. तेच १९७७चं 'द सिल्मारिलियन'. ते वाचनीय व्हावं, एकसंध व्हावं, यासाठी त्याने रूमिल, पेंगोलोध, एल्फविने या सगळ्यांना काढून टाकलं. कथा उरली, सांगणारा गेला. त्या पुस्तकावर टॉल्किनचे अभ्यासक टॉम शिपी यांनी १९८२च्या 'द रोड टू मिडल-अर्थ'मध्ये एक आक्षेप घेतला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये जुन्या काळाची जी खोली जाणवते ती इथे नाही, कारण इथे त्या काळाकडे पाहणारा हॉबिटसारखा कुणी मध्ये नाही, असा त्याचा आशय. १९८३ साली 'द बुक ऑफ लॉस्ट टेल्स'च्या प्रस्तावनेत ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी या मुद्द्याची दखल घेतली आणि सांगणाऱ्याची चौकट न देण्याचा निर्णय चुकीचा होता असं आपल्याला आता वाटतं, हे मोकळेपणाने लिहिलं. त्यांनी पुढची जवळजवळ पस्तीस वर्षं ती चौकट परत मिळवून देण्यात घालवली. १९८३ ते १९९६ या काळात बारा खंड, त्यानंतर स्वतंत्र पुस्तकं, आणि शेवटचं, २०१८ सालचं, पुन्हा गोंडोलिनच्या पाडावाचंच. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. असा संपादक आपल्या कोणत्याही लेखकाला मिळाला तर त्या लेखकाचं भाग्य म्हणावं.

पेंगोलोध गेल्याने १९७७च्या त्या पुस्तकाचं काय झालं? ते धर्मग्रंथासारखं वाटू लागलं. जे लिहिलंय ते घडलंच, असा त्याचा सूर झाला. पेंगोलोधला मनात ठेवून तेच पुस्तक उघडलं की वाक्यावाक्यामागे कुणीतरी उभा दिसतो. गोंडोलिनचं सौंदर्य इतकं बारकाईने का येतं? ते त्याचं गाव होतं. माएग्लिनच्या फितुरीबद्दल एवढा संताप का? त्या फितुरीने त्याचं घर जाळलं. माएग्लिनचा बाप एओल, काळोख्या रानात एकटा राहणारा सिंदार कुळाजवळचा लोहार. त्याच्या बाजूने कथा जवळजवळ काहीच बोलत नाही. त्याचा खटला गोंडोलिनमध्ये चालला, शिक्षाही तिथेच झाली, आणि हकिगत आली ती गोंडोलिनकराकडूनच. फेआनोरच्या मुलांविषयीचा निवाडाही अशा माणसाचा आहे, ज्याने त्यांनी उद्ध्वस्त केलेल्या वस्तीत दिवस काढले होते. म्हणून तो निवाडा खोटा ठरत नाही. मी तर म्हणेन, तो अधिक विश्वासार्ह ठरतो, कारण बोलणारा कुठून बोलतो आहे हे आता आपल्याला माहीत आहे.

छापील पुस्तकातही त्याच्या खुणा पूर्ण पुसल्या गेलेल्या नाहीत. मोर्गोथच्या सैन्यातल्या राक्षसी ऑर्कांच्या उत्पत्तीची जागा पाहा. मोर्गोथच्या हाती सापडलेल्या एल्फांना छळून, विद्रूप करून त्याने ऑर्क तयार केले, ही गोष्ट तिथे घडलेली घटना म्हणून दिलेली नाही, तर एरेसेआ बेटावरच्या ज्ञात्यांचं मत म्हणून दिली आहे. एरेसेआवरचा ज्ञाता म्हणजे कोण, हे आपल्याला आता ठाऊक आहे. आणि टॉल्किन स्वतः उत्तरायुष्यात या प्रश्नाशी झुंजत राहिले. ऑर्क एल्फांपासून आले, माणसांपासून आले, की निव्वळ पशू होते, असे वेगवेगळे तर्क त्यांनी टिपणांत करून पाहिले. ज्ञात्यांचं मत आहे असं म्हटल्याने ते चुकीचं असण्याला जागा राहिली. ऑर्कांच्या बाजूचा एकही साक्षीदार या साऱ्या इतिहासात नाही, ही गोष्टही मग डाचू लागते.

पेंगोलोधचं सगळ्यांत सुंदर लेखन मात्र इतिहासाबद्दलचं नाही. ते भाषेबद्दल आहे. 'पेंगोलोधचं उत्तर' या नावाचा हा छोटा संवाद १९९६च्या शेवटच्या खंडात आहे. एल्फविने त्याला विचारतो, तुम्ही एल्फ मरत नाही, तुम्हाला सगळं आठवतं, मग तुमच्या भाषा बदलतात कशा? माणसांचं समजतं. मुलं बापाकडून अर्धवट शिकतात, म्हातारे मरतात, उच्चार झिजतात. पेंगोलोध उत्तर देतो की या जगात जे आहे ते बदलतंच, आम्हीही बदलतो. फक्त आमचा बदल विसरण्यातून येत नाही. आम्हाला जुना शब्द आठवत असतो आणि तरी आम्ही नवा घडवतो, कारण घडवणं हा आमचा स्वभाव आहे, जसा विणकर वस्त्रात नवा धागा निवडतो. भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने आपला आवडता प्रश्न एका अमर पंडिताच्या तोंडी घातला, एवढंच यात नाही. ज्याला काहीच विसरता येत नाही त्याला बदल हा निवडावा लागतो, आणि अशा जीवालाच इतिहासकार केलं तर तो भूतकाळाकडे कसा पाहील, हा विचार मला यात दिसतो. पेंगोलोधला आठवायला कष्ट पडत नाहीत. त्याला कष्ट पडतात ते दुसऱ्यांच्या आठवणी मिळवण्याचे.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर टॉल्किन यांनी या इतिहासकाराला जवळजवळ निवृत्त केलं. कारण खगोलशास्त्राचं होतं. पृथ्वी आधी सपाट होती, सूर्य-चंद्र हे दोन दिव्य वृक्षांच्या अखेरच्या फळा-फुलांपासून घडवले, असं जुन्या कथांत आहे. १९५८च्या सुमारास त्यांना वाटू लागलं की ज्या एल्फांनी प्रत्यक्ष देवतांजवळ शिक्षण घेतलं, ते असं लिहिणार नाहीत. तेव्हा या कथा माणसांच्या असल्या पाहिजेत. एल्फांकडून ऐकलेल्या, नूमेनॉर बेटावर जपलेल्या, स्वतःच्या समजुतींशी मिसळलेल्या. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सुधारित आवृत्तीत जोडलेल्या टिपणानुसार या साऱ्याचा शेवटचा अनुवादक 'द हॉबिट'चा नायक बिल्बो बॅगिन्स ठरतो. त्याने रिव्हेंडेल या एल्फांच्या वस्तीत बसून, तिथले जिवंत आणि लिखित असे सगळे आधार वापरून तीन खंड केले. ते पूर्ण रूपात टिकले एकाच प्रतीत, गोंडोरच्या राजाचा लेखक फिंदेगिल याने केलेल्या नकलेत. बिल्बोच्या हाताचं मूळ पुस्तक उरलं नाही.

मला व्यक्तिशः हा बदल थोडा जिव्हारी लागतो. बिल्बो मला प्रिय आहे, पण गोंडोलिनचा पाडाव ज्याने पाहिला त्याच्या आवाजाची जागा तो घेऊ शकत नाही. मात्र एक न्याय केला पाहिजे. टॉल्किन यांनी इतिहासकार बदलला, पण इतिहासकाराशिवाय इतिहास त्यांना कधीच चालला नाही. विनाकर्तृक कथा हा पर्याय त्यांच्या टेबलावर आलाच नाही. 'द हॉबिट'मध्ये गोल्लुमच्या कोड्यांचं प्रकरण १९५१च्या आवृत्तीत त्यांना बदलावं लागलं, कारण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या नव्या कादंबरीशी ते जुळत नव्हतं. दुसरा कुणी लेखक गुपचूप दुरुस्ती करून मोकळा झाला असता. टॉल्किन यांनी १९३७च्या जुन्या पाठालाही स्थान दिलं. बिल्बोने अंगठी कशी मिळाली याबद्दल आधी खोटं सांगितलं आणि आपल्या रोजनिशीत तेच लिहिलं, खरा पाठ नंतरच्या नकलांत आला. एका कादंबरीची दुरुस्ती अशी पाठचिकित्सेची नोंद झाली, आणि बिल्बोच्या स्वभावाचा एक पैलूही.

पेंगोलोधचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सिरिऑनची वस्ती गेली, बेलेरिआंद समुद्रात बुडाला, दुसरं युग सुरू झालं. बहुतेक एल्फ पश्चिमेला निघून गेले. तो गेला नाही, अभ्यासासाठी मागे राहिला. काही काळ खझाद-दूमच्या ड्वार्फांमध्ये जाऊन राहिला. ड्वार्फ आपली भाषा परक्याला सहसा शिकवत नसत. शिवाय त्यांच्याजवळ एक हातांच्या खुणांची भाषाही होती, बोलण्याबरोबरच मुलं ती शिकत. याची माहिती आपल्याला आहे ती त्याच टिपणात, ज्यात पेंगोलोधचं चरित्र आहे. सगळं गाव गमावल्यानंतर, आपल्या कुळाचं सगळं लिहून झाल्यानंतर, हा माणूस परक्यांच्या डोंगराखाली जाऊन त्यांची भाषा शिकतो आहे. त्याच्या चरित्रात मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही आहे. मग मोर्गोथचा सेवक सौरॉन याची सावली एरिआदोर या प्रदेशावर पडली. दुसऱ्या युगाच्या १६९७व्या वर्षी एरेगिओनचं एल्फराज्य उद्ध्वस्त झालं. त्या सावलीपायी पेंगोलोध मिडल-अर्थ सोडून एरेसेआला निघून गेला. भाषापंडितांच्या त्याच्या परंपरेतला मिडल-अर्थमध्ये उरलेला तो शेवटचा होता.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटी दुसऱ्या युगाची एक कालावळी छापलेली आहे. ती आपल्याकडे असेल तर काढून पाहा. पेंगोलोध गेल्यानंतर तिच्यात जे दिसतं ते टॉल्किन यांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही, पण ते तिथे आहे. आधीही ही कालावळी भरगच्च नाही. पण सोळाशेच्या शेवटी तिच्यात घटना दाटीने येतात. एरेगिओनवर हल्ला, खझाद-दूमचे दरवाजे बंद, नूमेनॉरची आरमारी मदत, सौरॉनची माघार. त्यानंतर नोंदी विरळ होत जातात आणि बहुतेक नूमेनॉरच्याच असतात. राजे, बंदरं, किल्ले. २३५०व्या वर्षी पेलार्गिर बंदर बांधलं. पुढची नोंद थेट २८९९ची, तीही एका नूमेनॉरी राजाच्या राज्यारोहणाची. मिडल-अर्थमध्ये त्या साडेपाचशे वर्षांत कोण जगलं, कोण मेलं, कोणत्या वस्त्या वसल्या आणि जळल्या, याची एक ओळही तिथे नाही. नूमेनॉरच्या नाशाची हकिगतही मग माणसांकडूनच येते. परंपरेने ती एलेंदिलची मानली जाते, आणि एलेंदिल हा त्या बुडत्या बेटावरून जहाजं घेऊन निसटलेला होता.